नळाजवळ बसलेली बाई

रावजी मास्तरांनी मराठी शाळेत तीस वर्षं हौद भरले आणि तीस वर्षं रिकामे केले. एका हौदाला दोन नळ आहेत, एकाने तो इतक्या तासांत भरतो, दुसऱ्याने तितक्या तासांत रिकामा होतो, दोन्ही एकदम सोडले तर काय होईल, असं विचारून त्यांनी सोलापुरातल्या दोन पिढ्यांना घाम फोडला होता. दोन्ही नळ एकदम सोडणारा हा इसम कोण, आणि घरचे लोक त्याला काही बोलत कसे नाहीत, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एकाच मुलाने ते विचारलं होतं. त्याला मास्तरांनी बाकावर उभं केलं. तो पुढे वकील झाला.

मास्तरांनी स्वतः मात्र हौद पाहिला नव्हता. म्हणजे रस्त्याने जाताना पाहिला असेल, पण ज्याला बरोबर एकच नळ आहे आणि ज्याच्याशी आपला काही संबंध आहे, असा हौद त्यांच्या आयुष्यात आला नाही. पेन्शनीत निघाल्यावर ही उणीव त्यांच्या बायकोने, बजाबाईने, रोज सकाळी दाखवून द्यायला सुरुवात केली.

"अवो," ती गल्लीच्या नळावरून हंडा घेऊन येताना म्हणायची, "तीस वरसं हौद भरलं की तुमी. आता येक हंडा भरा. लई न्हाय, येकच."

"ते गणित होतं," मास्तर म्हणायचे.

"मग ह्ये काय हाय?" बजाबाई म्हणायची आणि हंडा मोरीत आदळायची.

अशात एक दिवस डॉक्टर चनबसप्पांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. चनबसप्पा मूळ दुधनीकडचे. लहानपणी सोलापुरात शिकायला होते तेव्हा हौदाच्या गणितापायी मास्तरांच्या हातचा मार खाऊन मोठे झाले, मुंबईला जाऊन डॉक्टर झाले, आणि आता परत सोलापुरात येऊन गिरण्यांच्या बाजूला एका धर्मादाय दवाखान्याचे मुख्य होते. तिथे ते नर्सबायांचा वर्गही चालवत.

"एनरी मास्तर, कशी आहे तब्येत?" त्यांनी खुर्ची दिली. मास्तर बसले. ज्याला आपण ओणवं उभं केलं त्याच्यासमोर खुर्चीत बसताना माणूस जितपत अवघडतो तितपत अवघडून बसले.

अडचण अशी होती. पटकीच्या रोग्याच्या अंगातलं पाणी निघून जातं, ते शिरेतून सलाईन देऊन भरून काढायचं. पूर्वी ते एकदम ओतत. आता थेंब थेंब सोडायची नवी रीत आली होती. किती थेंब, किती वेळात, हा हिशोब नर्सबायांनी करायचा. गेल्या वर्षी पुण्याहून परीक्षक आले आणि त्यांनी विचारलं, थेंबांची गती कशी ठरवाल? चौघींपैकी दोघी म्हणाल्या "बेतानं", एक म्हणाली "रोग्याचं तोंड बघून", आणि चौथी रडली. चौघीही नापास.

"यंदा एक जरी नापास झाली तर हा हिशोबाचा विषयच काढून टाका असं वरून सांगणं आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सलाईन पुन्हा बेतानं. तुम्ही शिकवा मास्तर. हे तुमचंच गणित आहे."

"माझं?"

डॉक्टरांनी पडदा सारला. मागे लोखंडी दांडीला काचेची बाटली उलटी टांगली होती. तिच्या तोंडाला रबरी नळी, नळीच्या मध्ये काचेची एक फुगीर पेरी, तिच्यात वरून थेंब पडताना दिसे. खाली नळीवर पेचाचा चिमटा. पेच आवळला की थेंब कमी, सैल केला की जास्त.

मास्तर उठले. बाटलीभोवती एक फेरी मारली. मग पागोटं काढून हातात घेतलं.

"चनबसप्पा," ते म्हणाले, "हा हौद आहे."

"व्हय की."

"आणि एकच नळ."

त्या दिवशी घरी आल्यावर ते बजाबाईला म्हणाले, "आज हौद पाहिला." तिने विचारलं, केवढा होता. मास्तरांनी हाताने वितीएवढा दाखवला. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

यंदाच्या वर्गातही चौघीच होत्या, पण नव्या. दोघी मिशनच्या शाळेतून आलेल्या, वहीच्या समासासारख्या सरळ. तिसरी ईरम्मा, अक्कलकोटकडची, कानडीत पाढे म्हणून मराठीत उत्तर देणारी. आणि चौथी मथुराबाई. ती करकंबची. तिचा बाप महिपती तिथल्या बाजारात मापाडी होता. शेतकऱ्याची ज्वारी व्यापाऱ्याला मापून देणं हे त्याचं काम. करकंबच्या दवाखान्यात मथुरेसाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच, पास व्हायचं. बापाने ही गोष्ट अख्ख्या बाजाराला आधीच सांगून टाकल्यामुळे नापास होण्याची सोय तिच्याकडे उरली नव्हती.

मास्तरांनी फळ्यावर हौद काढला. डॉक्टरांनी आधीच मोजून दिलं होतं की या नळीतून अर्धा पाइंट सलाईन म्हणजे चार हजार आठशे थेंब. ते दोन तासांत सोडायचं. दोन तासांची मिनिटं एकशे वीस.

"तर मिनिटाला किती?"

"चाळीस," ईरम्मा म्हणाली. कानडीतून मराठीत यायला तिला जेवढा वेळ लागला तेवढाच.

"शाबास. हौद चार हजार आठशेचा, नळ चाळीसचा."

"पण मास्तर," ईरम्मा म्हणाली, "नळ येकसारका वाहतो काय? आमच्या गल्लीचा तर सकाळी येक, दुपारी येक."

"गणितातला नळ एकसारखाच वाहतो," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते आणि ते म्हटलं की पोरं गप्प बसत. ईरम्माही बसली.

हिशोब चौघींना आठवड्यात आला. अडलं ते मोजायला. टेबलावर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवायचं, पेरीत थेंब पडताना बघायचा, मनात मोजायचं, आणि मिनिटाला चाळीस होईतो पेच फिरवायचा. तिघी मनात मोजत. मथुराबाईला मनात मोजता येईना. ती तोंडाने मोजायची, तेही बापासारखं. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्यामुळे वर्गात घड्याळाची टिकटिक, आणि तिच्यावर मथुरेचा आवाज:

"लाभ... दोन... तीन... चार..."

"एक म्हणा," मास्तर म्हणाले.

"येक म्हनत न्हाईत मास्तर. रास आटती."

"ही ज्वारी नाही."

"मग तर लईच जपाया पायजे की. मानसाच्या अंगात जायाचंय."

लाभ मास्तरांनी सोडून दिला. लाभ म्हटल्याने गणित बिघडत नाही. पण खरी पंचाईत शेवटी होती. चाळीस पूर्ण करून मथुराबाई पेच एक कणभर सैल करायची, आणि मिनिटाला एकेचाळीस पडायचे. दर वेळी. चुकून नाही, ठरवून.

"हा एक कुठून आला?"

"ती शीग."

मापाडी माप काठाबरोबर भरून देत नाही. काठावर ढीग राहील असं, शिगेने भरून देतो. काठाबरोबर मापणाऱ्याला करकंबच्या बाजारात कोण काय म्हणतं, ते मथुरेने सांगितलं. मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं नाही.

"चाळीस म्हणजे चाळीस," ते म्हणाले. "एकेचाळीस म्हणजे चूक."

"घेनाऱ्याची न्हाय की चूक. देनाऱ्याची हाय. देनारा मी हाय, मला चालती."

मास्तरांनी त्या एका थेंबामागे महिनाभर खटपट केली. रागावून पाहिलं, गोडीने पाहिलं, पाटीवर शंभर वेळा चाळीस लिहायला लावलं. मथुराबाईने ते लिहिलं. मोजून पाहिले तर एकशे एक होते.

परीक्षेच्या दिवशी पुण्याचे परीक्षक सकाळच्या गाडीने आले. गोरेपान, सडपातळ, उपाशी. त्यांची परतीची गाडी दुपारी होती. परीक्षा दहा ते बारा. चार दांड्यांवर चार बाटल्या टांगलेल्या, प्रत्येकीत अर्धा पाइंट, रोग्याच्या जागी खाली इनॅमलची चार पातेली. चौघींनी गती लावायची, परीक्षकांनी आपल्या घड्याळाने तपासायची, आणि बाराच्या भोंग्याला बाटल्या रिकाम्या झाल्या आहेत की नाही ते पाहायचं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. परीक्षा आपली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं. आपली असली की माणूस निदान काहीतरी लिहीत बसतो.

मिशनच्या दोघी चाळीस. ईरम्मा चाळीस. परीक्षक मथुराबाईच्या पेरीपुढे घड्याळ धरून उभे राहिले. मिनिट संपलं.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"व्हय जी. चाळीस आन वर शीग."

परीक्षकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे पाहिलं. छताकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, पण तिथे निदान कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं, आणि ते टिपणं मास्तरांना बरोबरच्या खुणेपेक्षा लांब वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता बारापर्यंत इथे काही काम नाही. साहेबांची गाडी आहे, पान मांडलंय. चला. आणि मुलींनो, तुम्हीही चला, वाढायला हात हवेत."

इथे कुणालाच काही वावगं वाटलं नाही, हे नमूद करायला हवं. चार बायांची रोग्याची शुश्रूषा करण्याची परीक्षा चालू होती, आणि त्यातल्या चौघींना वांग्याची भाजी वाढायला बोलावलं होतं. परीक्षकांनाही ते रीतसर वाटलं. ते उपाशी होते.

तिघी पदर खोचून गेल्या. मथुराबाई बाटलीपुढे पाटावर बसली होती, ती बसूनच राहिली.

मास्तर दारापर्यंत जाऊन परत आले. एकेचाळीसवर हा नवा अपराध नको, म्हणून हलक्या आवाजात म्हणाले, "मथुराबाई, वाढायला बोलावलंय."

"सतरा."

"डॉक्टर रागावतील."

"एकोनीस." अठरा मास्तरांच्या बोलण्याखाली गेले असावेत.

"अहो, ऐकताय ना?"

"येकवीस."

मास्तरांच्या ध्यानात आलं. त्यांनी करकंबचा बाजार एकदा पाहिला होता. रास मोजायला बसलेला मापाडी राशीवरून उठत नाही, आणि आकड्याखेरीज तोंडातून शब्द काढत नाही. मध्येच सावकार आला काय नि पाटील आला काय, त्याला उत्तर म्हणून पुढचा आकडा मिळतो. रास सोडून मापाडी उठला तर रास मोजलीच नाही असं धरतात, आणि सगळी पहिल्यापासून मोजतात.

मास्तर हताश होऊन तिच्याजवळ खाली बसले. शाळेने निरोपाला दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ त्यांच्या खिशात होतं. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी ते काढलं आणि तेही मोजू लागले. पहिलं मिनिट एकेचाळीस. थोड्या वेळाने पाहिलं तर एकोणचाळीस. मास्तरांना वाटलं घड्याळ चुकलं. पुन्हा मोजलं. अडतीस.

"मथुराबाई, थेंब कमी पडतायत."

"बारा," मथुराबाई म्हणाली, पेच केसभर सैल केला, आणि पुन्हा लाभपासून सुरू झाली. एकेचाळीस झाले.

मास्तर बाटलीकडे पाहत राहिले. पाण्याची पातळी खाली आली होती. जसजसं पाणी उतरेल तसतसा त्याचा दाब उतरणार, आणि जसजसा दाब उतरेल तसतसा नळ मंदावणार. हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बजाबाईला तर रोज पहाटे ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी सांगितलेल्या कोणत्याही हौदाचा नळ असा वागला नव्हता. त्यांच्या हौदांचे नळ शिस्तीचे होते, पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत एक चाल. आणि हा पहिलाच खरा हौद, तासाभरात त्याने मास्तरांना खोटं पाडलं.

ते उठून बाकीच्या तीन बाटल्यांपाशी गेले. ईरम्माची पेरी मोजली. पस्तीस. मिशनच्या दोघींच्या चौतीस आणि पस्तीस. हात पेचाकडे गेला आणि परत आला. परीक्षेत दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही, हे त्यांनी इतक्या पोरांच्या कानशिलावर कोरलं होतं की ते त्यांच्याही हातावर उमटलं होतं.

मग ते जेवणघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत परीक्षक तिसरी भाकरी मोडत होते. ईरम्मा शेंगाची चटणी वाढत होती.

"ईरम्मा," मास्तर म्हणाले, "तू विचारलं होतंस ना, नळ एकसारखा वाहतो काय?"

"व्हय मास्तर."

"वाहत नाही."

ईरम्माच्या हातात चटणीची वाटी तशीच राहिली. परीक्षक म्हणाले, "अजून थोडी." तिने वाढली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्हीही बसा." मास्तर म्हणाले, माझं दुसरीकडे काम आहे, आणि परत येऊन मथुराबाईशेजारी पाटाच्या कडेला बसले. परीक्षक पानावरून उठेपर्यंत वाढणारीने पानापासून हलायचं नाही, हाही एक नियम होता, आणि तो करकंबच्या नियमाहून जुना होता.

राहिलेला वेळ दोघे बोलले नाहीत. म्हणजे मास्तर घड्याळ बघून "आता" म्हणत, मथुराबाई "लाभ" म्हणे, आणि मिनिटभराने दोघेही एकेचाळीसवर येऊन भेटत. मध्ये एकदा मास्तरांच्या तोंडूनही "लाभ" निघून गेलं. मथुराबाईने मान न वळवता हसून घेतलं.

भोंगा व्हायला थोडी मिनिटं असताना मथुराबाईच्या बाटलीतलं शेवटचं पाणी नळीत उतरलं. तिने पेच आवळला, हात जोडून बाटलीला नमस्कार केला, आणि बाकीच्या वाढायला गेल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली.

"मास्तर, लई भूक लागली."

भोंगा झाला. परीक्षक सुपारी चघळत आले. एक बाटली रिकामी. तिघींच्या बाटल्यांच्या तळाशी चांगलं दोन-दोन बोटं पाणी, आणि थेंब अजून आपले सावकाश पडतायत, बाजाराहून परतणाऱ्या बैलांसारखे.

"हे कसं?" परीक्षक म्हणाले. "या तिघींची गती बरोबर होती. हिची चुकली होती."

मास्तर पुढे झाले. त्यांनी पागोटं नीट केलं.

"साहेब, गणित बरोबर आहे. पण नळ मंदावतो. हे मला सव्वाअकराला कळलं. माझं वय एकोणसाठ आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "हिची बाटली वेळेवर संपली, कारण ही तिच्यापाशी बसून होती. मी हौदाची गणितं पुष्कळ घातली. त्यांतल्या प्रत्येक नळाजवळ कुणीतरी बसलेलं असणार, साहेब. ते पुस्तकात छापायचं राहून गेलं आहे."

"आणि तुम्ही का नाही उठलात?" परीक्षकांनी मथुराबाईला विचारलं. "वाढायला बोलावलं होतं ना?"

"राशीवरनं उटत न्हाईत जी. रोगी असता तर?"

परीक्षकांनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, मग त्या तीन बाटल्यांकडे, मग त्या बाटल्यांच्या तीन मालकिणींकडे. एकीच्या हाताला अजून चटणी लागली होती. परीक्षक प्रामाणिक गृहस्थ होते. जेवण झालं की माणसाला प्रामाणिक व्हायला सोपं जातं.

"या तिघी कुठे होत्या, हे मला चांगलं ठाऊक आहे," ते म्हणाले. "चार भाकऱ्या वाढून घेतल्यात मी. त्यांना नापास करायचं तर आधी मला करावं लागेल." मग त्यांनी डॉक्टरांना गाडीची वेळ विचारली, ती चुकणार हे मनाशी ठरवलं, आणि म्हणाले, "बाटल्या पुन्हा भरा. या वेळी तिघी बसतील."

"आणि वाढायला?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

"आता वाढायचं आहे कुणाला? या मुलीलाच ना? डॉक्टर, तुम्ही वाढा."

डॉक्टर चनबसप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात भाकरीची टोपली घेतली. मथुराबाई पानावर बसली आणि त्यांनी भाकरी वाढली. एकच वाढली. तिने टोपलीकडे पाहिलं. डॉक्टरांनी वर अर्धी ठेवली.

"शीग," ते ओशाळून म्हणाले.

दुपारी तिघी बसल्या. ईरम्मा कानडीतून मोजत होती, पण पहिल्या थेंबाला तिन्ही तोंडांतून हळूच "लाभ" निघालं ते मास्तरांनी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. मथुराबाई ढेकर देऊन येऊन त्यांच्या मागे उभी राहिली. तिन्ही बाटल्या वेळेवर संपल्या. चौघी पास झाल्या. मथुराबाईच्या नावापुढे परीक्षकांनी लिहिलं होतं, की हिला मिनिटाला एक थेंब जास्त द्यायची सवय आहे, ती कुणी मोडू नये.

करकंबला बातमी गेली तेव्हा महिपती मापाडी रास मोजत होता. तो उठला नाही. मात्र तेहतीस म्हणायच्या जागी त्याने पुन्हा बत्तीस म्हटलं, म्हणजे एक माप फुकट गेलं, आणि व्यापाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तक्रार केली नाही, असं सांगतात. त्या व्यापाऱ्याला ओळखणारे लोक यातला दुसरा भाग मानत नाहीत.

पुढच्या वर्षी नव्या वर्गापुढे मास्तरांनी फळ्यावर हौद काढला, त्याला एक नळ काढला, आणि नळाशेजारी पाटावर बसलेली एक बाई काढली. चित्रकला त्यांना येत नव्हती, बाई हंड्यासारखी दिसत होती.

"एका हौदाला एक नळ आहे," ते म्हणाले, "आणि नळाजवळ मथुराबाई बसली आहे. तर हौद किती वेळात रिकामा होईल?"

पण ते पुढच्या वर्षीचं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बजाबाई उठून पाहते तो मोरीत हंडा नाही. ती गल्लीत आली. नळाला बारीक धार होती, खाली हंडा होता, आणि हंड्याशेजारी मास्तर पागोटं मांडीवर घेऊन उकिडवे बसले होते. मागे बायकांची रांग तोंडाला पदर लावून उभी होती.

"अवो, भरला की. वर जातंय पानी," बजाबाई म्हणाली. "उटा आता."

मास्तरांनी एक बोट वर केलं. हंडा काठोकाठ भरला होता, पाणी चहूबाजूंनी ओघळत होतं, आणि मास्तर अजून थोडं पडू देत होते.

"पान्याला शीग लागत न्हाय," बजाबाई म्हणाली.

"एकेचाळीस," मास्तर म्हणाले, आणि नळ बंद केला.